बिल काका देतात, साइट पाहुणा वापरतो

पत्र : ताई, मी २७ वर्षांची. पुण्यातली नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी कुडाळला घरी परत आले आणि स्वतंत्रपणे वेबसाइटची कामं घ्यायला लागले. सध्या मालवणजवळच्या एका होमस्टेचं काम करतेय. मालक नात्याने लांबचे काका. ३५ हजार ठरलेत, १० मिळालेत. मी शांत, मोकळं डिझाइन केलं होतं. पडदाभर समुद्राचा एक फोटो, त्यावर बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ, बाकी सगळं कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेनूत. काकांना ते 'रिकामं' वाटतं. त्यांना ८ फोटोंचा फिरता स्लायडर हवाय, साइट उघडली की बासरी वाजायला हवीय, लाल रंगात फोन नंबर हवाय ('नंबर मोठो दिसाक होयो') आणि कुठेतरी पाहिलं म्हणून 'फक्त २ खोल्या शिल्लक!' अशी कायमची पट्टी हवीय. नाही म्हटलं तर काम जाईल, शिवाय नात्यात वाईटपणा. हो म्हटलं तर ते काम माझं म्हणून दाखवायची लाज वाटेल. मी काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर :

तू पत्रात दिलेली लिंक मी स्वारगेटहून सुटलेल्या बसमध्ये उघडली. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात फोन. फोटो सुंदरच आहे. मी ठरवलं, आपण पाहुणे आहोत असं समजू आणि दोन मोठी माणसं, एक मूल, दोन रात्री, जेवणासकट किती पैसे होतील ते शोधू. मला ते सापडेना. तुझ्या मेनूच्या तीन रेघा पांढऱ्या आहेत आणि फोनच्या उभ्या पडद्यावर त्या नेमक्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर येतात. तिथे मेनू आहे हे मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं तर त्याच रेघा निळ्या आभाळावर स्वच्छ दिसत होत्या. तू डिझाइन केलंस तेव्हा तशाच पाहिल्या असणार.

हे आधी सांगते, कारण पत्रात भांडण तुझं आणि काकांचं आहे. तुला शांत हवंय, त्यांना भरगच्च हवंय. पण ठाण्यात कुणीतरी रात्रीची जेवणं आटोपल्यावर सोफ्यावर बसून मे महिन्याच्या सुट्टीचं जुळवतंय. शेजारून आई म्हणतेय, 'मला जिने चढायला लावू नका.' पोरगं विचारतंय, स्कुबा आहे का. साइट त्या माणसासाठी आहे, आणि तो तुमच्या बैठकीला कधीच हजर नसतो. त्याची बाजू तिथे मांडणं हे तुझं काम. काका पैसे देतात ते त्यासाठीच, त्यांना तसं शब्दांत सांगता येत नसलं तरी.

मला हे माझ्या मामीने शिकवलं. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका मंगल कार्यालयाची साइट केली होती. कार्यालयाचं नाव, पत्ता, फोन असं सगळं मिळून फोटोशॉपमध्ये एक नक्षीदार पट्टी बनवली आणि चित्र म्हणून वर लावली. मालक खूश, मी खूश. पुढे चारेक वर्षांनी मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मामीने माझ्यासमोर तीच साइट फोनवर उघडली. नंबरावर बोट टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं, मग दाबून धरलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांशी नेला आणि एका जुन्या पत्रिकेच्या पाकिटावर एकेक आकडा पेन्सिलने उतरवून घेतला. पाकीट मांडीवर ठेवून डायल केलं, एक आकडा चुकला आणि भलत्याच माणसाला फोन लागला. मामी ओशाळून म्हणाली, 'माझंच काहीतरी चुकलं असेल गं.' चूक पूर्णपणे माझी होती. चार वर्षांत किती माणसांनी असा नंबर उतरवून घेतला असेल आणि कितींनी कंटाळून दुसरं कार्यालय पाहिलं असेल, कोण जाणे. एकाचीही तक्रार माझ्यापर्यंत आली नव्हती. साइट वापरताना अडलेला माणूस स्वतःलाच दोष देतो आणि निघून जातो.

तेव्हा नंबराच्या बाबतीत काका बरोबर आहेत. होमस्टेचं बुकिंग शेवटी फोनवर नाहीतर व्हॉट्सॲपवरच पक्कं होतं. नंबर मोठा कर, वर ठेव, फोनवर तो पडद्याच्या तळाशी कायम दिसू दे आणि बोट टेकवलं की फोन लागू दे. दिसणारे आकडे देवनागरी ठेवलेस तरी चालेल, पण लिंकच्या आत ते रोमनच हवेत आणि आधी अधिकचं चिन्ह व देशाचा ९१ हा कोड हवा, नाहीतर दुबईहून फोन करणाऱ्याला तो लागायचा नाही. लाल रंगाचं म्हणशील, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद लाल उत्तम वाचता येतो. समुद्राच्या निळ्यावर लाल अक्षरं मात्र वाचायला फार अवघड जातील. यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा असं दिलंय. मोफत टूलमध्ये दोन रंग टाकले की आकडा समोर येतो. काकांसमोरच टाक. आणि तुझी ती बारीक करडी इंग्रजी ओळही टाकून बघ.

'फक्त २ खोल्या शिल्लक'ला मात्र नाही म्हण. इथे मधला मार्ग काढू नकोस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवून किंवा रेटून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ प्रकारांची त्यात यादी आहे आणि तिच्यात पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. ही तत्त्वं फक्त मोठ्या कंपन्यांना नाहीत, माल किंवा सेवा विकणाऱ्यालाही लागू आहेत. काका म्हणतील, सगळेच करतात. तेव्हा त्यांना विचार : पाहुणा घाईघाईने पैसे भरून आला आणि सहापैकी चार खोल्यांना कुलूप दिसलं, तर तो ओसरीवर चहा पिताना तुमच्याबद्दल काय विचार करेल? काका स्वतः ताटात वाढतात, पाहुण्याला स्टेशनवर सोडायला जातात. साइटवर मात्र त्यांच्या नावाने खोटं बोललं जाईल आणि ते टाइप तू केलेलं असेल. त्याऐवजी जे खरं आहे ते लिही. दिवाळीत आणि ३१ डिसेंबरच्या आसपास त्यांच्या खोल्या किती आधी भरतात ते विचार आणि तेच वाक्य घाल. पाहुण्याला त्याचा उपयोग आहे, आणि घाई करायची की नाही ते तो ठरवेल.

बासरीचा प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. २०१८ पासून क्रोम आपोआप वाजणारा आवाज सहसा अडवतंच, बाकीचे ब्राउझरही तसंच करतात. पण तेवढ्या कारणामागे लपू नकोस. रात्री शेजारी मूल झोपलेलं असताना कुणी साइट उघडली तर काय होईल, हे काकांना सांगितलंस की पटेल. हवी तर अंगणाच्या व्हिडिओला बासरी लाव, ज्याला ऐकायची तो ऐकेल.

आता फोटो. फोटो हवेत हे काकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, तुझ्या एका फोटोपेक्षा जास्त मान्य आहे. समुद्र कोकणातल्या प्रत्येक होमस्टेच्या साइटवर आहे. पाहुण्याला बघायचं असतं ते गादी कशी आहे, न्हाणीघर स्वच्छ आहे का, कमोड आहे का, जेवायला खाली बसायचं की टेबल आहे, गाडी कुठे लावायची. स्लायडरमध्ये हे फोटो आपापले सरकत राहतात. न्हाणीघर नीट बघावं तोवर सुरमई थाळी येते. ८ फोटो एकाखाली एक स्थिर लाव आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिही : 'तळमजल्यावरची खोली. दारात २ पायऱ्या. कमोड आणि गरम पाणी आहे.' ठाण्याच्या त्या आईसाठी ही ओळ अख्ख्या साइटपेक्षा मोलाची आहे.

फोटो काकांच्या फोनवरून जसेच्या तसे चढवलेस तर एकेक ४-५ एमबीचा असेल. आठांचे मिळून ४० एमबीपर्यंत जातील. वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये बदलून, पडद्याला लागेल तेवढाच आकार ठेवलास तर बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात आणि फोनवर फरक दिसत नाही. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे. तो घरच्या वायफायवर तपासू नकोस. गगनबावड्याच्या घाटात, रेंजची एकच कांडी असताना, मागच्या सीटवरून कुणीतरी 'पत्ता परत बघ' म्हणतं तेव्हा तुझी साइट उघडायला हवी. पत्ता, वळणाची खूण आणि नंबर हे साध्या मजकुरात असू दे, फोटोंच्या आधी येऊ दे. नकाशा नाही उघडला तरी मारुतीच्या देवळापासून डावीकडे एवढं वाचता आलं तर माणूस पोचतो.

फोटोखालच्या ओळींखेरीज प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूरही दे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तो वाचून दाखवेल. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं, संगणकासाठी एनव्हीडीए मोफत मिळतं. एकदा टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून स्वतःच्या साइटवर दर शोधून बघ. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. तो खटला केवायसीचा होता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून ओळख पटवा असं सांगितलं जात होतं. ती प्रक्रिया ठरवताना त्यांच्यातलं कुणी बैठकीत नसणार. होमस्टेची साइट त्यामानाने लहान गोष्ट आहे, पण तिथेही कुणाला तरी दाराशी अडवायचं की आत घ्यायचं हे तूच ठरवत असतेस.

आणि अगं, साइट मराठीत कर. इंग्रजीही ठेव, बंगळुरूहून येणाऱ्यांना लागेल. पण काकांकडे येणारे बहुतेक मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावचे असणार. मराठी मजकूर इंग्रजीच्या साच्यात तसाच ओतलास तर बिघडतो. तुझ्या डिझाइनमध्ये शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवलंय. इंग्रजीला ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द खिळखिळा दिसतो. लेटर स्पेसिंग शून्यच ठेव. ओळींमधलं अंतर १.६ पट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांग. काही फॉन्ट त्यावरून आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य आवाज निवडतं. फॉन्टला पैसे लागत नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला मुक्ता मोफत आहे आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. काकांचं छापील माहितीपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर तिथून कॉपी केलेला मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन येईल. त्याचा फोटो काढून चिकटवायचा मोह होईल. तो टाळ, युनिकोडमध्ये परत टाइप कर. चित्रातली अक्षरं शोधल्यावर सापडत नाहीत, मोठी केली तर धूसर होतात, आणि मामीचं काय झालं ते सांगितलंच आहे.

काय लिहायचं हे मात्र तुझ्या किंवा माझ्या मनाने ठरवू नकोस. एक अख्खा दिवस काकांच्या फोनशेजारी जाऊन बस. शक्यतो शनिवार. वहीत प्रत्येक फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिही. काकांचं व्हॉट्सॲपही त्यांच्या परवानगीने चाळ. असलेच प्रश्न येतील : दर माणशी की खोलीमागे? जेवण धरून का? श्रावणात शाकाहारी मिळेल ना? समुद्र चालत किती मिनिटं? कुडाळला उतरायचं की सिंधुदुर्गला? हा शेवटचा तर हमखास येणार. किल्ल्याच्या नावावरून लोकांना वाटतं सिंधुदुर्ग स्टेशन किल्ल्यापाशीच असेल. ते ओरोसला आहे आणि किल्ला मालवणच्या समुद्रात. जुलैत येणारा विचारेल, किल्ल्यावर जायला होडी मिळेल का. पावसाळ्यात होडी बंद असते, हे साइटवर ठळक लिहायला काका बिचकतील, गिऱ्हाईक जाईल म्हणून. पण न सांगता बोलावलेला पाहुणा जेटीवरून परत येतो तो रागावूनच. त्याच्याऐवजी पावसातलं अंगण आणि गरम घावणे बघायला येणारा पाहुणा वेगळा असतो, त्याच्यासाठी तसं लिही. संध्याकाळपर्यंत वहीत जे प्रश्न सर्वांत जास्त वेळा आले असतील, त्यांची उत्तरं म्हणजे तुझं पहिलं पान.

मग ते कच्चं पान पाच जणांना दे. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय की थोड्याच माणसांवर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसतात, पाच पुरेत. माझा अनुभव तसाच आहे. शेजारची वहिनी, रिक्षावाले दादा, कॉलेजातलं पोर, कुणीही चालेल, फक्त वेबसाइट करणारं नको. त्यांना 'कशी वाटली?' विचारू नकोस, सगळे छानच म्हणतील. काम दे : 'चार माणसं, दोन रात्री, जेवणासकट, किती होतील सांगा.' आणि गप्प बस. हे फार अवघड जातं. त्यांचं बोट चुकीच्या जागी फिरत असताना 'तिकडे नाही, वर' असं तोंडावर येतं. पण ठाण्याच्या सोफ्यावर तू शेजारी नसणार. जमलं तर एका चाचणीला काकांना बसव. वहिनीला दर सापडत नाहीत हे त्यांनी स्वतः बघितलं की मग स्लायडरवरून वाद घालावा लागत नाही. आणि तुझा तीन रेघांचा मेनू वहिनीला सापडला नाही, तर तूही तो त्याच दिवशी काढून टाक.

राहिला काम जाण्याचा प्रश्न. मला वाटत नाही जाईल. चारपैकी एक गोष्ट तू काकांच्या म्हणण्याप्रमाणे करतेयस, फोटो देतेयस, बासरीला जागा देतेयस. एकाच गोष्टीला नाही आहे आणि ते त्यांच्या नावाच्या काळजीपोटी आहे. समोर बसून हे बोल, मेसेजवर नको. इतकं करून काका पट्टीवरच अडून बसले, तर तोवरच्या कामाचं घे, फायली देऊन टाक आणि थांब. २५ हजार लहान रक्कम नाही, मला ठाऊक आहे. मी एकदा अशाच एका खोट्या उलट्या घड्याळाचं काम करून पैसे घेतले होते. 'ऑफर संपायला १० मिनिटं' असं ते घड्याळ पान उघडलं की दर वेळी पुन्हा १० पासून सुरू व्हायचं. ते पान माझ्या हातचं आहे याचं मला आजही वाईट वाटतं.

नात्यातलं काम असलं तरी दोन गोष्टी कागदावर आण. कोणतं पान, किती वेळा बदल, पैसे कधी, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या कर. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, काकांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर घे, पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून दे. उद्या तू हे काम सोडलंस तरी त्यांची पाटी त्यांच्याकडे राहिली पाहिजे. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेव, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. काकांना हे कलम दाखवायची वेळ येणार नाही अशी आशा करू.

येत्या शनिवारी वही घेऊन जा. काकूंनाही विचार, फोन बऱ्याचदा त्याच उचलत असणार आणि पाहुणे काय विचारतात ते काकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असेल. प्रश्नांची यादी झाली की मला पाठव. नवीन पान झालं की त्याचीही लिंक दे, मी बसमध्येच उघडेन.

तुझी,
ताई